जहाज थांबवणारा मिस्त्री

त्या रविवारी म्हाताऱ्या मिस्त्रीने दोन्ही हात पसरून कप्तानाची वाट अडवली आणि सांगितलं, जहाज थांबवा. कप्तान त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. तेवढ्यात बाजा वाजला, पडद्यावर नावं वर सरकू लागली आणि भाग संपला. पुढचं पुढल्या रविवारी.

आमच्या वस्तीच्या समाजमंदिरात चाळीस-पन्नास माणसं बसली होती. कुणी हळहळलं, कुणी उठून लुगडं झटकलं. मी दाराजवळ भिंतीला पाठ लावून बसलो होतो, तो बसूनच राहिलो. हाताला घाम आला होता. रेल्वेतून रिटायर झालेला माणूस मी, घाटात उभी हयात गेली, आणि पेटीतल्या चित्रासाठी हाताला घाम! पण आला होता. खोटं कशाला सांगू.

ऐंशी सालानंतरचे ते दिवस. कोंडाण्याच्या लेण्यांकडे जाणाऱ्या वाटेवर आमची वस्ती. वर मान केली की घाटातले बोगदे दिसतात, आणि गाडी चढायला लागली की तिचा आवाज घरात चुलीपाशी ऐकू येतो. समाजमंदिरात वस्तीचा टीव्ही होता. काळा-पांढरा, लाकडी पेटीतला, पुढून सरकती दारं आणि त्यांना कुलूप. किल्ली बालवाडीच्या बाईंकडे, कारण बालवाडी तिथंच भरायची. रविवारी सकाळी बाई कुलूप काढायच्या, बटण दाबायच्या, पेटी तापेपर्यंत आम्ही सगळे तिच्याकडे बघत बसायचो, आणि मग पडद्यावरच्या मुंग्यांतून जहाज बाहेर यायचं.

मालिका हिंदीत होती. एक जहाज धान्याचं बी घेऊन आभाळात निघालेलं असतं. आपली पृथ्वी मागे राहिलेली, पुढं कुठल्याशा ताऱ्याजवळ जमीन आहे असं ऐकलेलं, तिथं जाऊन पेरायचं. वाट एवढी लांब की निघालेली माणसं म्हातारी होणार आणि पोचणार त्यांची पोरं. दर रविवारी काहीतरी अडचण यायची. कधी हवा संपायची, कधी वाटेत दुसरं जहाज भेटायचं आणि त्यात माणसंच नसायची.

वस्तीतली बरीच जणं हसायची. "पुठ्ठ्याचं जहाज हाय रं! दार सरकलं की भिंत हालते बघ." आता भिंत हलते हे मलाही दिसत होतं. तारे म्हणजे काळ्या कापडाला भोकं पाडून मागे दिवा लावलेला, हे मला पहिल्याच रविवारी कळलं. मी चौथीत शाळा सोडली, पण डोळे सोडले नव्हते. तरी माझं म्हणणं असं की पुठ्ठ्याचं जहाज करून चार महिने लोकांना त्यात बसवून ठेवणं ही लोखंडी जहाज बांधण्याएवढीच कारागिरी आहे. लोखंडाचं तर कुणीही बांधेल, पैसा पाहिजे.

मी त्या मालिकेला बांधला गेलो तो मिस्त्रीमुळे. जहाजावर एक म्हातारा मिस्त्री होता. रोज सकाळी (आभाळात सकाळ कसली, पण ते तिला सकाळच म्हणायचे) तो हातात लहानशी लोखंडी कांब घेऊन जहाजाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचा. चार पावलं टाकली की भिंतीवर कांब मारायची, ऐकायचं, पुढं जायचं. दुसऱ्या भागात त्याला पहिल्यांदा चालताना बघितलं आणि माझ्या अंगावर काटा आला. कारण तो माणूस कांब सैल धरत होता.

हे सांगायला पाहिजे. मी घाटात चावीवाला होतो. रूळ खालच्या आडव्या पाट्यांवर, म्हणजे स्लीपरांवर, लोखंडी पाचरींनी घट्ट केलेला असतो, त्या पाचरींना आम्ही चाव्या म्हणतो. गाड्यांच्या हादऱ्याने चाव्या ढिल्या होतात. चावीवाल्याने रोज आपला टप्पा पायी चालायचा, ढिली चावी ठोकायची, रूळ बघायचा. बघायचा म्हणजे ऐकायचा. हातोडा मारला की धड रूळ टण्ण वाजतो. आत कुठं भेग असली की बद्द वाजतो, फुटक्या मडक्यासारखा. आणि हातोडा सैल धरायचा. घट्ट धरलात तर आवाज तुमच्या मनगटात मरतो, कानापर्यंत पोचत नाही. हे मला माझ्या आधीच्या चावीवाल्याने शिकवलं, त्याला त्याच्या आधीच्याने. कुठल्या पुस्तकात हे आहे की नाही मला ठाऊक नाही. आणि हा टीव्हीतला नट, मुंबईचा माणूस, कांब सैल धरून मारतो! त्याला हे कुणी शिकवलं? मी तेव्हाच बायकोला म्हणालो, "ज्यानं ही गोष्ट लिवली ना, तो एकदा तरी कुठल्यातरी चावीवाल्याबरोबर चाललाय."

"बरं," ती म्हणाली. "आता जेवा. जहाज काय आपल्या दारात नाय उभं."

तर त्या रविवारच्या भागात मिस्त्री असाच चालत होता. एका जागी त्याने कांब मारली आणि थांबला. पुन्हा मारली. आणि आम्हाला ऐकू आलं. कांबेच्या आवाजाखाली एक बारीक घुमणारा आवाज, बंद पेटीत भुंगा अडकल्यासारखा. मिस्त्री धावत वर गेला. कप्तानासमोर हात पसरले. जहाज थांबवलं तर पुन्हा चालू होईल की नाही याची खात्री नव्हती, एवढं इंधन उरलं नव्हतं. न थांबवावं तर म्हातारा सांगतोय. इथंच भाग संपला होता.

सगळे उठत होते तेवढ्यात पुढून मुकादम मोठ्याने बोलला, "ह्या! कायच झालं नाय, आन म्हातारा जहाज थांबवतोय!"

सगळं समाजमंदिर खदखदून हसलं. हसताना चार माणसांनी वळून माझ्याकडे बघितलं. ती का वळली ते सांगतो.

वीस वर्षांमागची गोष्ट. तो मुकादम रूळ राखणाऱ्या आमच्या गँगचा मुकादम होता. वस्तीतलाच, माझ्याच वयाचा, माझ्याबरोबरच रेल्वेत लागलेला. पावसाळ्याचे दिवस, घाटात ढग उतरलेले, दहा पावलांवरचं दिसत नव्हतं. त्या दिवशी मुकादम माझ्याबरोबर टप्पा बघायला आला होता. बोगद्याच्या तोंडाशी मी हातोडा मारला आणि रूळ बद्द वाजला. दुसऱ्यांदा मारला, बद्द. मी मुकादमाला म्हणालो, ऐक. तिसऱ्यांदा मारला. तो माझ्याकडे बघत होता. मान हलवून म्हणाला, "काय नाय. चल."

खालून गाडी चढत होती. घाट चढायला कर्जतला गाडीच्या मागून ढकलायला जादा इंजिनं लावतात, बँकर म्हणतात त्यांना. त्यांचा घोष ढगातून ऐकू येत होता. मी मुकादमाला विचारलं नाही. खाली धावलो, रुळावर धोक्याचे पटाखे बांधले आणि लाल झेंडी घेऊन उभा राहिलो. इंजिन पटाख्यांवर आलं, धडाधड उडाले, गाडी थांबली.

चढावर थांबलेली गाडी पुन्हा हलवणं म्हणजे काय ते घाटातल्या माणसाला विचारा. त्या दिवशी सगळा घाट अडकून पडला. मग ट्रॉलीवरून साहेब आले. त्यांनी माझ्याच हातचा हातोडा घेऊन मारला. टण्ण. पुन्हा मारला. टण्ण. भिंग लावून रूळ बघितला. भेग नव्हती.

चौकशी झाली. साहेब वाईट नव्हता, हे मी आज लिहितो, तेव्हा म्हणालो नसतो. त्याने मुकादमाला सरळ विचारलं, "याने हातोडा मारला तेव्हा तू बाजूला होतास. तुला काय ऐकू आलं?"

मुकादम म्हणाला, "नाय साहेब. कायच आवाज नव्हता."

झालं. एकाने ऐकलं, एकाने नाही, आणि रूळ धड निघाला. माझी बदली घाटातून खाली खोपोली फाट्यावर झाली. केळवली, डोलवली, लौजी. भातखाचरांतून जाणारा सपाट रूळ. घाटातल्या चावीवाल्याला सपाटीवर टाकणं म्हणजे पट्टीच्या पोहणाऱ्याला सांगणं की उद्यापासून घरातल्या रांजणावर ध्यान ठेव. रिटायर होईपर्यंत मी तिकडेच राहिलो.

मुकादमाशी मी त्या दिवसापासून बोललो नाही. वीस वर्षं. वस्ती एक, विहार एक, पाण्याची विहीर एक. वैशाखी पौर्णिमेची खीर आमच्या घरातून त्यांच्या घरात जायची, पण बायका न्यायच्या. लग्नकार्यात मी मांडवाच्या या टोकाला, तो त्या टोकाला. मला राग होता तो त्याच्या खोटेपणाचा, आणि त्याहून जास्त त्या खोटेपणाच्या गबाळेपणाचा. कायच आवाज नव्हता! अरे, लोखंडावर लोखंड मारलं तर धड रुळालाही आवाज असतो. 'टण्ण वाजला साहेब' असं म्हणाला असता तर मी म्हटलं असतं, खोटं बोलला पण कारागिरासारखा बोलला. वीस वर्षं मी हे वाक्य भेटेल त्याला ऐकवत आलो होतो. वस्तीला ते पाठ झालं होतं.

म्हणून ती चार माणसं वळून बघत होती. वीस वर्षांनी सगळ्यांसमोर त्याने मला पुन्हा हाणलं, असं मला वाटलं.

आमच्याकडे अबोला धरला तरी बोलायचं असतंच. मग माणसाला न सांगता खांबाला सांगायचं. मी समाजमंदिराच्या खांबावर हात ठेवला आणि म्हणालो, "खांबा, ऐक रं. पुढल्या रविवारी जहाज थांबतंय. मिस्त्री खरा ठरतोय. तो खरा ठरला तर ज्यानं आज दात काढले त्यानं हितं सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं की मी चौकशीत खोटं बोललो. आन जहाज नाय थांबलं, तर मी या मंदिराची पायरी पुन्हा चढनार नाय."

मुकादम पुढं पेटीजवळ उभा होता, माझ्याकडे पाठ करून. हललासुद्धा नाही. मला वाटलं, काय मिजास आहे बघा, ऐकून न ऐकल्यासारखं करतोय. शेवटी त्याच्या शेजाऱ्याने त्याचा दंड धरला, कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं. मग तो वळला. माझ्याकडे नाही, खांबाकडेच बघून म्हणाला, "सांग त्याला, कबूल हाय. त्याचा मिस्त्री खोटा ठरनार."

तो आठवडा मी कसा काढला विचारू नका. बायको म्हणाली, "अवो, त्या गोष्टीवर कशाला स्वतःला लावून घेता? ते लिवनारा माणूस तुम्हाला वळखतो का?"

"वळखतो," मी म्हणालो. "न बघता वळखतो."

"मग त्याला पत्र टाका, म्हनावं म्हाताऱ्याला घरात बसून त्रास हाय, लवकर कायतरी करा."

ती थट्टा करत होती, पण तिलाही ठाऊक होतं. खोपोली फाट्यावर बदली झाली तेव्हा दोन महिने मी घरात कुणाशी धड बोललो नव्हतो, ते तिनेच सोसलं होतं. मंगळवारी मला एक भीती वाटू लागली. समजा जहाज थांबलं, आणि भेग निघाली. मग लोक म्हणतील, तो मिस्त्री खरा होता कारण भेग होती. तुझ्या रुळाला कुठं भेग होती? म्हणजे जिंकूनही हरलो. समजा नाहीच थांबलं, तर सरळच हरलो. एवढी पैज मी लावून बसलो होतो, आणि तिच्यात जिंकायची वाटच नव्हती. हे मला मंगळवारी कळलं. पण बोललो ते बोललो. शब्द मागे घेणं मला जमलेलं नाही, आता या वयात काय जमणार.

रविवारी समाजमंदिर भरून दाराबाहेर माणसं उभी होती. कळंबला दिलेल्या वस्तीतल्या दोन लेकी आदल्या दिवशीच माहेरी आल्या होत्या. सगळे जहाज बघायला आले होते की मला आणि मुकादमाला, ते सांगता येत नाही. मुकादम नेहमीसारखा सगळ्यात पुढं, पेटीला जवळजवळ चिकटून, तोही सरळ नाही, एका अंगावर तिरका. तोंड पडद्याकडे नि उजवा कान पेटीच्या बाजूला. मी नेहमी म्हणायचो, मुकादमी सुटली पण पुढची जागा सुटली नाही.

बाईंनी बटण दाबलं. बाजा वाजला. मागच्या भागातलं थोडं दाखवलं, हात पसरलेला मिस्त्री, कप्तानाचं तोंड. आणि मग कप्तान जागचा हलला. तो मिस्त्रीच्या मागे खाली उतरला. हे मला फार आवडलं. माझा साहेब ट्रॉलीवरून आला तेव्हा दोन तास झाले होते. हा कप्तान लगेच उतरला. दोघे त्या जागी गेले. मिस्त्रीने कांब सैल धरली आणि मारली.

पुन्हा तो भुंगा घुमला. या वेळी जास्त. पडद्यावर काहीच हलत नव्हतं, दोघे स्तब्ध उभे, कुणाचा ओठही हलत नव्हता, फक्त तो आवाज. समाजमंदिर गपकन गप्प झालं. पुढची एक म्हातारी छातीवर हात ठेवून म्हणाली, "अगं बाय, कसला गं आवाज!" दारातल्या बायकांनी पदर तोंडाला लावले.

आणि मुकादम मान वळवून लोकांकडे बघत होता.

पडद्याकडे नव्हे. लोकांच्या तोंडांकडे. एकाच्या, मग दुसऱ्याच्या, मग त्या म्हातारीच्या. त्याने बाईंना विचारलं, "काय झालं? सगळी गप का बसली?"

बाई म्हणाल्या, "आवाज येतोय ना, मुकादम."

"कसला आवाज?"

मी दाराजवळ बसलो होतो. मध्ये एवढी माणसं. पण मला त्याचं तोंड स्पष्ट दिसलं, आणि ते तोंड मी ओळखलं. बोगद्याच्या तोंडाशी, ढगात, मी तिसऱ्यांदा हातोडा मारला तेव्हा तो माझ्याकडे अगदी असाच बघत होता. रुळाकडे नाही, माझ्या तोंडाकडे. मला काय ऐकू आलं ते माझ्या तोंडावर वाचत होता.

कायच आवाज नव्हता, साहेब.

तो खोटं बोललाच नव्हता. त्याला खरंच काही ऐकू आलं नव्हतं. टण्णही नाही आणि बद्दही नाही.

माझ्या डोक्यात मग चाव्या एकामागून एक बसत गेल्या. दर रविवारी पेटीला चिकटून बसणं. तिरका कान. दर दोन वाक्यांनी 'काय म्हनला' असं विचारणं. मी समजत होतो त्याला हिंदी कळत नाही. आणि खांबाला बोललो तेव्हा न हललेली पाठ. वीस वर्षं मी त्याच्या मागून शिव्या घालत चाललो होतो आणि त्या त्याला कधी पोचल्याच नव्हत्या.

इकडं पडद्यावर कप्तानाने हात वर केला आणि जहाज थांबलं. दिवे मंद झाले. समाजमंदिरात लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग जहाजावरच्या सगळ्यांनी मिळून ती भिंत उघडली. तार न तार तपासली. जहाजावरची डॉक्टरीण कंदील धरून उभी. शोध, शोध, शोध. आणि काहीही सापडलं नाही. आवाजही बंद झाला होता.

मिस्त्री खाली मान घालून उभा. तो नट काय उभा राहिला म्हणून सांगू! हातात कांब तशीच सैल, पण खांदे पडलेले. मी असाच उभा होतो साहेबासमोर.

कप्तान त्याच्याजवळ आला. हिंदीत बोलला, माझ्या शब्दांत सांगतो. "उद्या पुन्हा ऐकू आला तर पुन्हा सांग. मी पुन्हा थांबवीन."

एवढंच. ना माफी, ना शाबासकी. जहाज हळूहळू पुन्हा चालू झालं.

मी कितीतरी वेळा विचार केलाय, लिहिणाऱ्याला भेग दाखवणं किती सोपं होतं. एक फट दाखवायची, मिस्त्रीच्या गळ्यात हार, बाजा. लोक खूश झाले असते. त्या माणसाने भेग दाखवली नाही. जिंकायची वाट नाही असं मी मंगळवारी म्हणत होतो, ती त्याने काढली. त्या एका गोष्टीसाठी मी त्याला आजही मानतो. पुढं त्या मालिकेत बरंच काही आलं, काही भाग बरे होते, दोन-तीन अगदीच भिकार होते, पण मी एकालाही नाव ठेवू दिलं नाही.

आता लोक माझ्याकडे बघायला लागले. पैज. जहाज थांबलं होतं हे खरं, मिस्त्री खरा ठरला का यावर वाद होऊ शकला असता, पण वस्तीने मनात निकाल देऊन टाकला होता. मुकादमाच्या शेजाऱ्याने त्याला डिवचलं, "उठा मुकादम. सांगा आता."

मुकादम उठला. शब्दाचा पक्का, हे मानावंच लागेल. धोतराचा सोगा सारखा केला. सगळ्यांवरून नजर फिरवली आणि सुरुवात केली, "चौकशीत साहेबानं मला इचारलं तेव्हा..." आणि तिथं अडला. त्याचा उजवा हात आपोआप कानाकडे गेला होता.

मला दिसलं तो काय सांगणार आहे. खोटं बोललो असं तो सांगणार नव्हता, कारण बोलला नव्हता. तो दुसरं सांगणार होता, जे त्याने वीस वर्षं रेल्वेच्या मेडिकल तपासणीच्या डॉक्टरपासून, साहेबापासून, गँगपासून आणि शेजारपाजारापासून राखलं होतं. आणि हे माझ्या पैजेपायी, कळंबहून आलेल्या पाहुण्यांसमोर.

"बसा मुकादम," मी मोठ्याने म्हणालो. "भाग संपला नाय अजून."

वीस वर्षांनी पहिले शब्द. खांबाला नाही, त्याला. त्याने माझे ओठ बघितले असणार, कारण तो लगेच बसला. शेजारी म्हणाला, "अवो पन पैज?" मी म्हणालो, "पैज माझी हाय. कवा वसूल करायची ते मी ठरवीन. तुला काय घाई?"

भाग संपल्यावर लोक पांगले. काहींचा हिरमोड झाला होता, तमाशा झाला नाही म्हणून. बाई पेटीला कुलूप लावत होत्या. मी पुढं गेलो आणि मुकादमाच्या उजव्या बाजूला बसलो.

"कवापास्नं?" मी विचारलं.

त्याने डाव्या कानाला हात लावला. मग म्हणाला, "डावा तर आदीच गेलता. पटाखे तपासताना एक जवळच उडाला. उजवा बोगद्यात इंजिनांच्या शिट्ट्यांनी."

"आन मेडिकल?"

"कंपाउंडर मागं उभा राहून कुजबुजायचा. समोरच्या काचेच्या कपाटात त्याचं तोंड दिसायचं." तो किंचित हसला. "मेडिकलला पडलो असतो तर मुकादमी गेली असती. घरात सात तोंडं."

"मला सांगायचं व्हतंस."

"तुला? तू घाटभर बोंबलला असतास."

मला राग आला, पण तो खरं बोलत होता. त्या वयात मी बोंबललोच असतो. मग त्याने विचारलं, एवढ्या वर्षांत कुणी मला विचारलं नव्हतं ते. "खरंच बद्द वाजला व्हता का रं?"

"तिन्ही येळा."

"मग भेग का नाय घावली?"

"पाटीखाली पाऊस भरून माती फुगली असंल. साहेब येईस्तवर गाडीच्या वजनानं बसली असंल. मला ठाव नाय. पन वाजला बद्द." हे मी तेव्हा म्हणालो आणि आजही म्हणतो. कुणाला पटो न पटो.

मुकादमाने मान हलवली. "मी तुझ्या तोंडाकडं बघत व्हतो तवा. तुझं तोंड बघून मला वाटलं व्हतं, हाय कायतरी. पन साहेबानं तोंडाचं नाय इचारलं. कानाचं इचारलं."

बाई दारात किल्ली घेऊन उभ्या होत्या, "बाबा, आता घरी जायचं का दोघांनी?" म्हणून आम्ही उठलो.

पैज मी वसूल केली नाही. वस्तीत अजून कुणी विचारलं तर सांगतो, हिशेब आमच्या दोघांत आहे. पुढच्या रविवारपासून मात्र मी दाराजवळची जागा सोडली आणि पुढं, मुकादमाच्या उजव्या कानाशी बसू लागलो. लोकांनी आठ दिवस कुजबुज केली, मग सोडून दिली. टीव्हीतली माणसं बोलली की मी त्याला आपल्या भाषेत सांगायचो. सांगताना थोडं माझंही पडायचं, हे कबूल. एकदा कप्तानाचं बोलणं मी चांगलं रंगवून सांगितलं तेव्हा मुकादम पडद्यावरची नजर न काढता म्हणाला, "चावीवाल्या, कप्तान एवढं बोलला? त्याचं तोंड तर एकदाच हाललं."

"हिंदीत कमी शब्द लागतात," मी म्हणालो.

"आन शिव्या पन हायत का हिंदीत?"

"जरा हायत."

तो गालात हसायचा. मिस्त्री चालायला लागला की मात्र आम्ही दोघे गप्प. तेव्हा सांगण्यासारखं काही नसायचं, कुणी बोलत नसायचं. कांब भिंतीवर पडली की मी मुकादमाच्या गुडघ्यावर बोट मारायचो. टण्ण असलं तर एकदा. बद्द असलं तर बोट तिथंच टेकवून ठेवायचो. हात सैल सोडून.